पी-४ टाकलं, तरी जॉब गोल येईना

बेअरिंगच्या ग्रेडबद्दल, म्हणजे ते किती अचूक बनवलंय याबद्दल, पत्रं येतच असतात आणि घोळही बहुतेक तोच असतो. या वेळी त्यातले सहा प्रश्न घेतले आहेत.

मोटरच्या ६२०५ बेअरिंगवर ‘सी३’ छापलंय. दुकानदार म्हणतो, ही तिसऱ्या नंबरची अचूकता. खरं का? (भोसरी)

नाही. सी३ म्हणजे गोळ्या आणि रिंगा यांच्यातली मोकळीक नेहमीपेक्षा जास्त. साध्या ६२०५ ला ती ५ ते २० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, सी३ ला १३ ते २८. मोटर तापली की आतली रिंग फुगते, तिच्यासाठी ही जागा. मोटरच्या पाटीवर सी३ लिहिलं असेल तर सी३च घ्या.

बेअरिंगवर पी-बी काहीच छापलेलं नाही. डुप्लिकेट समजायचं का? (सांगली)

नाही, ते नॉर्मल ग्रेडचं. पी-५, पी-४ असे शिक्के त्याहून अचूक ग्रेडवर असतात. डुप्लिकेटची धास्ती असेल तर अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घ्या.

पी-५ आणि एबेक-५ एकच का? (नाशिक)

हो, एबेक ही त्याच ग्रेडची अमेरिकन नावं. पण तेवढ्यावर जाऊ नका. एबेक-७ म्हणजे पी-४ आणि एबेक-९ म्हणजे पी-२. पीचा आकडा उतरतो तशी अचूकता वाढते, एबेकचं उलट. ऑर्डरमध्ये नुसतं ‘७ ग्रेड’ लिहाल तर येईल ते घ्यावं लागेल.

मुलीच्या स्केट्सना ‘एबेक-९’ बेअरिंग टाकली तर वेग वाढेल, असं ऑनलाइन जाहिरातीत आहे. (ठाणे)

जाहिरातीत काय, काहीही असतं. ८० मिमीचं चाक ताशी २० किमीला मिनिटाला साधारण १३०० फेरे घेतं. ते साध्या ६०८ बेअरिंगला काहीच नाही. शिवाय स्केटिंगमध्ये बेअरिंगला आडवे धक्के बसतात, धूळ जाते. ग्रेड यातलं काहीच मोजत नाही. गोळ्यांचा पोलाद कसला, ग्रीस कुठलं, आवाज किती, हेही मोजत नाही. चांगल्या कंपनीचं साधं बेअरिंग घ्या आणि वेळेवर साफ करा.

सीएनसी लेथच्या स्पिंडलची (जॉब फिरवणाऱ्या मुख्य शाफ्टची) पी-५ बेअरिंग काढून पी-४ ची जोडी टाकली. बोअर (आतलं भोक) ७० मिमी. खर्च दणदणीत झाला, जॉब तरी गोल येत नाही. आता पी-२ टाकू का? (शिरोली, कोल्हापूर)

अजिबात नको. आधी आकडे बघा. या बोअरला आतल्या रिंगचा रनआऊट (फिरतानाची डगमग) नॉर्मल ग्रेडमध्ये २० मायक्रॉनपर्यंत चालतो, पी-५ मध्ये ५, पी-४ मध्ये ४ आणि पी-२ मध्ये अडीच. म्हणजे रनआऊटच्या हिशेबात तुम्ही एका मायक्रॉनचे पैसे मोजलेत! आणि हे आकडे बेअरिंग सुटं असतानाचे आहेत. शाफ्टवर चढलं की रिंग शाफ्टचाच आकार घेते. शाफ्ट आठ मायक्रॉन लंबगोल असेल तर पी-२ ची रिंगही निमूटपणे लंबगोल होते. शाफ्टचा खांदा (रिंग टेकते ती पायरी) काटकोनात नसेल किंवा त्यावर चिपचा बारीकसा कण राहिला असेल, तर रिंग तिरकी बसते. हाऊसिंगचंही (बाहेरची रिंग बसते त्या घराचंही) तेच. हे कोणी मोजत नाही, कारण मोजायला वेळ लागतो आणि नवं बेअरिंग फोनवर मागवता येतं.

कारखान्यात दिसतो तो डायल (काट्याचं मोजमापाचं साधन) बहुधा एका रेघेला १० मायक्रॉनचा असतो. त्यावर काटा हलला नाही म्हणून ‘रनआऊट शून्य’ म्हणायचं नसतं. इथे एक मायक्रॉनचा डायल लागतो, आणि तो स्पिंडलच्या टेपरमध्ये (निमुळत्या भोकात) लावायचा, चकवर (जॉब पकडणाऱ्या जबड्यांवर) नाही. जोडी बसवताना बाहेरच्या रिंगांवरची ‘व्ही’ची खूण जुळली होती का? दोन वेगळ्या खोक्यांतली बेअरिंग आपल्या हाताने जोडली तर तिला जोडी म्हणत नाहीत. हातोडा वापरला असेल तर गोळ्यांचे ठसे केव्हाच उमटले असतील.

आणि एक. जॉब पातळ भिंतीचा आहे का? तीन जबड्यांचा चक आवळला की तो तीन ठिकाणी दबतो आणि चक सोडला की तिकोनी उमलतो. मग बिचाऱ्या बेअरिंगचा काय दोष? आधी जाड भरीव तुकडा हलक्या कटाने कापून गोलाई तपासा. तोही बिघडलेला निघाला तर स्पिंडल दुरुस्तीवाल्याकडे न्या, आणि शाफ्ट व हाऊसिंगची मोजमापं लेखी घेतल्याशिवाय नवं बेअरिंग मागवू नका.

व्हीएमसीचा (उभ्या मिलिंग मशीनचा) स्पिंडल आठवड्यापासून जास्त तापतोय. ऑर्डर अर्धी आहे, दिवाळीच्या सुट्टीत उघडला तर चालेल ना? (चाकण)

नाही चालणार. आज फेरे कमी करून तासभर चालवा, तापमान लिहून ठेवा आणि वाढतच असेल तर मशीन थांबवून मेकरच्या सर्व्हिसवाल्याला बोलवा. बेअरिंग जाम होऊन आतली रिंग शाफ्टवर फिरली की शाफ्टही गेला. ग्रीस कमी पडलं असेल म्हणून आणखी भरू नका, जादा ग्रीसनेही तापतं.