नोकरी आयटीची, मंगळवारची रात्र जॅझची

तुम्ही विचारलंय: डेव्हलपरची नोकरी आहे, जीव मात्र जॅझ रेडिओत अडकलाय, दोन्ही जमेल, की नोकरी सोडावी?

सोडू नका. मी न्यू जर्सीत बॅकएंडचं काम करतो आणि सात-आठ वर्षं एका कॉलेजच्या स्टेशनवर मंगळवारी रात्री 12 ते 2 जॅझ लावतो. पैसे मिळत नाहीत, पार्किंग फुकट मिळतं. एच-वन-बीवर असाल तर प्रश्नच मिटला: ज्या कंपनीने व्हिसा काढलाय ती सोडून दुसरीकडे, त्यांनीही तुमच्यासाठी वेगळा अर्ज केल्याशिवाय, पगारी काम करता येत नाही.

सगळे म्हणतात वेळ मिळत नाही. वेळ निघतो हो. खरी डोकेदुखी ऑन-कॉलची, म्हणजे सिस्टिम बिघडली की रात्री-अपरात्री फोन उचलून दुरुस्त करायच्या पाळीची. दुसऱ्याच महिन्यात कार्यक्रम चालू असताना 12:50ला फोन कोकलला. पेमेंटची सर्व्हिस झोपली होती. हाताशी ड्यूक एलिंग्टनचं 1956च्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवातलं रेकॉर्डिंग होतं, ज्यात पॉल गोन्साल्विस टेनर सॅक्सोफोनवर सलग 27 आवर्तनं घेतो. (आडनावावरून मला तो गोव्याचा वाटायचा, घराणं केप व्हर्देचं निघालं.) चौदा मिनिटांची सोय झाली. मिक्सरच्या कडेला लॅपटॉप टेकवला, व्हीपीएन जोडलं, संध्याकाळी चढवलेला नवा कोड मागे घेतला आणि एररचा आलेख खाली येईपर्यंत टक लावून बसलो. आला खाली. मग जाणवलं की हेडफोनमध्ये काहीच ऐकू येत नाहीये. लॉगमध्ये बघितलं तर 52 सेकंद शांतता. वर दर तासाला स्टेशनचं नाव आणि गाव सांगणं कायद्याने बंधनकारक, तेही राहिलं होतं. सकाळी स्टेशनकडून एका ओळीची मेल आली. ती इथे लिहीत नाही.

त्यानंतर मॅनेजरला जाऊन सांगितलं, मंगळवारी रात्री माझी दुसरी पाळी असते. ‘छंद’ म्हटलं असतं तर पुढच्या रिलीजला गुंडाळून ठेवायला सांगितलं असतं. आता मंगळवारचा पेजर दुसऱ्याकडे असतो, आणि बदल्यात थँक्सगिव्हिंग अन् ख्रिसमसचे आठवडे दरवर्षी माझ्या बोकांडी. टीम खूश आहे. बुधवारी दुपारपर्यंत मी प्रॉडक्शनला, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टिमला, हात लावत नाही, हेही सगळ्यांना माहीत आहे.

तयारीला मात्र दोन तासांच्या कार्यक्रमामागे चार तास धरा. इंटरनेटवरही ऐकवत असाल तर सरसकट परवान्याचे नियम आहेत: तीन तासांत एका अल्बममधले तीनच ट्रॅक, त्यातही लागोपाठ फार तर दोन; एका कलाकाराचे चार, लागोपाठ फार तर तीन. मग 23 सप्टेंबरला, सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनच्या वाढदिवसाला, काय करायचं? चार त्याच्या नावावरचे लावायचे आणि बाकीचे माइल्स डेव्हिस, थेलोनियस मंक यांच्या नावावरचे, ज्यांत तो नुसता साथीला आहे. अशा पळवाटा शोधण्यातच अर्धी मजा आहे.

इथे माझ्यातला इंजिनिअर मधे तडमडला. हे नियम तपासणारी स्क्रिप्ट लिहायला घेतली. तीन महिने रोज रात्री तेच. स्क्रिप्ट झकास झाली, टेस्ट केसेससकट, पण त्या तीन महिन्यांत मी एकही नवी रेकॉर्ड ऐकली नव्हती आणि कार्यक्रमात तेच ते वाजत होतं. आता पेन्सिलने कागदावर मोजतो. तुम्हालाही हा मोह होणार, लिहून ठेवा.

दुसरा मोह बोलण्याचा. डब्ल्यूकेसीआर या न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या स्टेशनवर फिल शाप जवळजवळ 40 वर्षं सकाळी सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करवर बोलायचे, एकाच गाण्याच्या एकेका टेकची चिरफाड करायचे. ऑफिसला जाताना ते ऐकून मलाही तसंच बोलावंसं वाटायचं. एकदा गोव्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट लावला आणि तो सी. रामचंद्रांच्या संगीतात, 1951च्या ‘अलबेला’त कसा आला, हे सांगत सुटलो. सहा मिनिटं.

आई डोंबिवलीत इंटरनेटवरून ऐकते. उन्हाळ्यात आमचे रात्रीचे बारा म्हणजे तिकडे सकाळचे साडेनऊ, तिची भाजी निवडायची वेळ. त्या दिवशी तिचा मेसेज आला: ‘ट्रम्पेट छान. तू मधे कशाला बोलतोस?’