भाड्याने दिलेला फ्लॅट तारण ठेवून पैसे काढायचेत, कर्ज कुठे मिळेल?

आधी स्वतःच्याच बँकेत जा. गृहकर्ज चालू असेल तर त्यावर टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज, मागा. तो बहुधा मालमत्ता तारण कर्जापेक्षा स्वस्त पडतो. नाही म्हणाले तर कर्ज दुसऱ्या बँकेत हलवून तिथे टॉप-अप घ्या. कर्ज फिटलेलं असेल तर तारण कर्जच, साधारण मूल्यांकनाच्या ५० ते ७० टक्के.

भाडं उत्पन्नात धरायला हवं असेल तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत हवा आणि भाडं खात्यात जमा होणारं. रोखीतलं भाडं बँकेच्या लेखी शून्य. इंडेक्स-२ (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि एनओसी, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला पालिकेची परवानगी) जमवून ठेवा. माझं घोडं इथेच अडलं: बाल्कनी खोलीत घेतली होती, मंजूर नकाशात तसं नव्हतं. मूल्यांकनाला आलेल्या माणसाने टेप लावून मोजलं आणि तेवढं क्षेत्रफळ सरळ वजा केलं!

भोगवटा नसेल तर बँका बहुतेक टाळतात; एनबीएफसी (बँक नसलेल्या वित्त कंपन्या) बघतात, पण व्याज चढं. एजंट फोनवर सांगतो तो दर सोडा, मंजुरीपत्रातला दर आणि प्रोसेसिंग फी वाचा. वैयक्तिक कामासाठी फ्लोटिंग दराने घेतलंत तर मुदतीआधी फेडायला दंड नाही.