नव्या सभागृहात आवाज घुमतो, शब्द कळत नाहीत. कोणते स्पीकर घ्यावेत?

संस्थेच्या 250 आसनांच्या सभागृहासाठी कोणते स्पीकर घ्यावेत, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की तूर्त एकही घेऊ नये. तुमच्याकडे आवाज कमी पडत नसून तो रेंगाळतो आहे, आणि स्पीकर वाढवले की शब्दाबरोबर घुमणेही तेवढेच वाढते.

पुण्यात आमच्या पेठेतील एका संस्थेच्या बांधकाम समितीवर मी होतो. सभागृह 20 मीटर लांब, 12 मीटर रुंद, 7 मीटर उंच. ग्रॅनाइटची फरशी, पुट्टी घासून गुळगुळीत केलेल्या भिंती आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. निदान मागच्या भिंतीला ध्वनिशोषक आच्छादन करावे, हा माझा प्रस्ताव ‘माइक असताना त्याची गरज काय’ एवढ्यावर फेटाळला गेला. उद्घाटनाला आमचे संस्कृतचे वयोवृद्ध सर बोलायला उभे राहिले. ‘मागे ऐकू येते ना?’ असे त्यांनी विचारले आणि त्यांचाच प्रश्न मागच्या भिंतीवर आपटून त्यांच्याकडे परत आला. माइकवाल्याने आवाज वाढवला, तशी शिट्टी वाजू लागली. आठवडाभर तयारी करून आणलेले व्याख्यान सरांनी दहा मिनिटांत आवरले, याचे मला आजही वाईट वाटते.

पुढच्या रविवारी रिकाम्या सभागृहात फुगे फोडून मी ध्वनिमुद्रण केले. आवाज 60 डेसिबलने उतरायला साडेचार सेकंद लागत होते. भाषणासाठी हा काळ एका सेकंदाच्या आसपास हवा, नाहीतर आधीच्या अक्षराची शेपटी पुढच्या व्यंजनाला झाकून टाकते. मग मंडपवाल्याकडून 40 गाद्या आणून भिंतींना उभ्या टेकवल्या, तेव्हा तोच काळ अडीच सेकंदांवर आला. ही युक्ती माझी नव्हे. 1895 मध्ये हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातील व्याख्यानगृह असेच घुमत होते, तेव्हा भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणून मोजमापे घेतली आणि त्यांतूनच पुढे सूत्र निघाले: घनफळाला 0.161 ने गुणून एकूण शोषणाने भागावे, म्हणजे आवाज उतरण्याचा हा काळ सेकंदांत मिळतो. शोषण म्हणजे आवाज पूर्ण शोषून घेणाऱ्या पृष्ठभागाचे तेवढे क्षेत्रफळ. आमचे घनफळ 1680 घनमीटर आणि शोषण जेमतेम 60 चौरस मीटर होते. माणूस सुमारे अर्धा चौरस मीटर शोषण देतो, त्यामुळे भरलेले सभागृह बरे वाटते. पण व्याख्यानाला 50 माणसे आली तर त्या वक्त्याने काय करावे? समितीने गाद्यांसह फरक ऐकला, मान्यही केला, आणि पुढच्या बैठकीत आणखी दोन स्पीकर मंजूर केले.

तुम्ही मागच्या भिंतीपासून सुरुवात करा: 50 मिलिमीटर जाडीची रॉकवूल (दगडी तंतूंची ध्वनिशोषक लादी), वर कापड, आणि मागे थोडी पोकळी. मग छताचा काही भाग घ्या, मात्र व्यासपीठावरचे छत कडकच ठेवा, कारण तिथून परतणारा आवाज वक्त्याला मदत करतो. अंड्यांचे ट्रे लावू नका. ते फारसे शोषत नाहीत आणि पेट घेतात. नुसता गालिचा खर्जातला आवाज जवळजवळ सोडूनच देतो. एवढे झाल्यावर श्रोत्यांकडेच रोख असलेले उभे कॉलम स्पीकर जरूर घ्या, त्यांचा उपयोग होतो. गाण्याच्या मैफली जास्त होणार असतील, तर मात्र एका सेकंदापर्यंत खाली आणू नका. तिथे दीड सेकंद चांगला.