जाडजूड घडीचा चाकू दिसायला छान आहे, पण कोकणात त्याचा उपयोग होईल का?

तुम्ही लिहिलंय की मुरूडची आजोबांची नारळी-पोफळीची वाडी आता तुम्ही बघणार आहात, आणि त्यासाठी बक ११० हा जाड, पितळी टोकांचा घडीचा चाकू घ्यावा की नाही, तो दिसायला कसा वाटतो आणि कामाला कसा, हे तुम्हाला विचारायचंय. आमची वाडी आंजर्ल्याला आहे, पावसाळ्यात मी आंब्याची कलमं बांधते आणि हाच चाकू माझ्याकडे अकरा वर्षं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दिसण्याबद्दल आधी, कारण रोज हातात घ्यायची वस्तू डोळ्याला आवडायलाच हवी असं माझं मत आहे. चाकू देखणा आहे. मावसभावाने अमेरिकेहून आणला तेव्हा घरातल्या प्रत्येकाने तो निदान एकदा उघडून मिटून बघितला. पात्याची पाठ टोकाजवळ आत वळत जाते आणि टोक सुबक निमुळतं होतं. मुठीच्या दोन्ही टोकांना पितळ, मध्ये काळ्या-तपकिरी रेघांचं आबनूस, म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातलं लाकूड. पूर्ण उघडला की खट् करून खिटी बसते. आईने तो तळहातावर तोलला आणि म्हणाली, "हा तर आपल्या अडकित्त्याच्या जातीचा." मला ते लगेच पटलं. पानाच्या डब्यातला पितळी अडकित्ता बघत जो लहानाचा मोठा झालाय त्याला हा चाकू परका वाटत नाही. हाताळून हाताळून पितळेवर तशीच मऊ झाक येते.

हा चाकू १९६४ पासून बनतोय आणि त्याचं रूप फारसं बदललेलं नाही, यावरून तो किती जणांना आवडला असेल ते कळतं. मिटलेला साधारण साडेबारा सेंटिमीटर, पातं साडेनऊ सेंटिमीटर, पात्याची पाठ तीन मिलिमीटर जाड, वजन दोनशे ग्रॅमच्या थोडं वर. हे वजन कागदावर काही वाटत नाही. पट्ट्याला चामड्याचं म्यान लावून फिरणाऱ्या माणसाला ते जाणवतही नसेल. मी कुडत्याच्या खिशात ठेवते तर खिसा एका बाजूला ओढला जातो आणि वाकलं की चाकू गुडघ्यावर आपटतो.

आता उपयोग. आईच्या त्या अडकित्त्याच्या बोलण्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. अडकित्ता जड असतो कारण त्याला सुपारी फोडायची असते. दांड्याच्या लांबीने जोर वाढतो आणि जाड पातं तो सोसतं. चाकूला मात्र कापायचं असतं, आणि कापताना पात्याची जाडी वस्तूच्या आत शिरते. या चाकूचं पातं धारेजवळ आत खोलगट घासलेलं आहे, त्यामुळे दोरा, कागद, पिशवीचं तोंड, पपईची साल अशी वरवरची कामं तो फार छान करतो. सुरणाच्या गड्ड्यात तीन सेंटिमीटर आत गेला की मात्र पाठीची जाडी पाचरीसारखी अडते. मग सुरण कापला जात नाही, चिरफाळतो. मोठं तवसं कापून बघा, शेवटचा अर्धा भाग कट्कन तुटून पडेल.

जाड चाकू घेणारे सहसा म्हणतात की जाड पातं रांगडं काम करेल. पण आपल्या वाडीत रांगडं काम चाकूकडे येतच नाही. शहाळं, झावळी, वाळलेला वासा, कुंपणाच्या काठ्या, फणसाचं डोकं, हे सगळं कोयत्याचं. आमच्याकडचा गडी सकाळी कमरेच्या आकडीला कोयता अडकवतो तो जेवायच्या वेळीच काढतो. मासळी आणि भाजी विळीवर होते. विळीवर दोन्ही हात मोकळे राहतात, सुरमईच्या तुकड्यांना दुसरं काही नकोच. मग घडीच्या चाकूला उरतं काय? खराट्यासाठी हीर काढणं, केळीचं सोपट फाडणं, रोपाची पिशवी उभी चिरणं, सुंभ तोडणं, आंबा कापून खाणं, आणि कलमाची कामं. सगळी बारीक. या कामांना पातं पातळ हवं आणि मूठ हातात भरून बसेल अशी हवी. लोक मुठीची जाडी आणि पात्याची जाडी एकच समजतात, तिथे चूक होते. जाड मुठीबद्दल माझी काहीच तक्रार नाही, तासभर काम केलं की बोटं तिचे आभार मानतात.

कलमांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुम्हीही पुढेमागे बांधाल. चाकू नवा होता त्या पावसाळ्यात मी हौसेने कोयकलमं याच चाकूने केली. कोयीपासून आलेलं पंधरा-वीस दिवसांचं रोप, पानं अजून तांबूस, त्याचा शेंडा छाटून खोडाला मधोमध चार-पाच सेंटिमीटर उभा काप द्यायचा आणि हव्या त्या झाडाची पाचरीसारखी तासलेली काडी त्यात बसवायची. काडीचे दोन्ही उतार आरशासारखे सपाट हवेत, तरच सालीखालचा जिवंत थर थराला भिडतो. या चाकूला धार दोन्ही अंगांनी आहे, त्यामुळे तासताना तो काडीत शिरतो किंवा बाहेर पळतो आणि उतार किंचित खोलगट होतो. खुंटात, म्हणजे त्या रोपाच्या खोडात, काप देताना जाड पाठीने खोड धारेच्या पुढेच फाटत जातं. प्लास्टिकची पट्टी बांधल्यावर वरून सगळं ठीक दिसतं, आत फट राहते, फटीत पाणी आणि बुरशी. त्या वर्षी माझ्या निम्म्याहून जास्त काड्या काळ्या पडल्या. एका जुन्या झाडाच्या काड्या होत्या त्यात, आणि ते झाड पुढच्या वादळात पडलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. कलमाचा चाकू वेगळा असतो, एका अंगाने सपाट आणि दुसऱ्या अंगाने धार दिलेला. तो स्वस्तही असतो. तो आधी घ्या.

बक ११० माझ्या खऱ्या उपयोगाला आला तो खाडीत. पुतण्याच्या छोट्या होडीच्या पंख्यात नायलॉनची दोरी गुंडाळली गेली होती आणि ओहोटी लागलेली. कोयता चालवायला जागा नव्हती. विळखे एकावर एक, ओले, वाळूने भरलेले. हाताला रुमाल गुंडाळून, पात्यावर सगळा भार देऊन एकेक विळखा तोडला. तेव्हा ती खिटी जराही हलली नाही आणि पातंही वाकलं नाही. माझा पातळ चाकू त्या दिवशी तुटला असता. जाड पात्याचं मोल तेव्हा मला कळलं, म्हणून तो मी कुणाला देऊन टाकलेला नाही. पण रुमाल लागला हेही लक्षात घ्या. ओल्या हातात गुळगुळीत पितळ आणि लाकूड निसटतं, माशाचं पाणी लागलं तर आणखीच.

खाऱ्या हवेत निगा मात्र मनापासून करावी लागते. पातं स्टेनलेस आहे, तरी समुद्राचं पाणी वाळू दिलं तर बारीक टिपके पडतात. गोड्या पाण्याने धुवा, फडक्याने पुसा, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. खोबरेल तेल सांध्यात नको, ते कालांतराने चिकटतं आणि त्यात धूळ बसते. फणस कापला असेल तर आधी खोबरेल तेलाने चीक काढायचा, मग साबण, मग मशीनचं तेल. भाच्याने एकदा अख्खा फणस याने सोडवला. सांध्यातला चीक काढायला माझी अर्धी दुपार आणि काड्यापेटीतल्या बऱ्याच काड्या गेल्या. पितळ हिरवट झालं तर भिजवलेल्या आमसुलाने घासा, लखलखतं, पण ती आंबट ओल पात्यावर राहू देऊ नका. आणि पावसाळ्यात चाकू चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं दमट होतं, त्यावर बुरशी येते आणि आतल्या पात्याला गंज धरतो. म्यान कपाटात, चाकू सुती फडक्यात.

तुम्ही ओपिनेलबद्दलही विचारलंय. आठ नंबरचा माझ्या धाकट्या बहिणीकडे आहे. फ्रान्सच्या साव्वा भागातला हा चाकू १८९० पासूनचा. साडेआठ सेंटिमीटरचं पातं, वजन पन्नास ग्रॅमच्याही आत, आणि उघडल्यावर पातं अडवायला फिरणारी कडी, ती १९५५ मध्ये आली. पितळेचा थाट नाही, साधी लाकडी मूठ, पण कापण्यात तो माझ्या चाकूला खूप मागे टाकतो. त्याची अडचण एकच, आषाढात मूठ पाणी पिऊन फुगते आणि पातं बाहेर यायला मागत नाही. मुठीची शेपटी टेबलाच्या कडेवर ठोकली की टोक वर येतं. घेतलात तर स्टेनलेस पात्याचा घ्या. साध्या पोलादाचं पातं आंबा-कोकमाने काळं पडतं आणि खाऱ्या हवेत लगेच गंजतं.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि घरगुती व शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. आपण बोलतोय ते चाकू त्या मापांच्या खूपच आत आहेत. पण सणांच्या, निवडणुकीच्या दिवसांत जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. तेव्हा चाकू वाडीतच राहू द्या, दापोलीच्या बाजारात खिशात घेऊन जाऊ नका. विमानाने येणार असाल तर तो चेक-इनच्या बॅगेतच टाका.

माझ्यापुरता क्रम सांगायचा तर पहिला कलमाचा चाकू, मग खिशाला एखादा पातळ पात्याचा, आणि हौस म्हणून, होडीत किंवा गाडीत ठेवायला, बक ११०. त्याच्या रूपावर तुमचं मन बसलं असेल तर जरूर घ्या. मीही संध्याकाळी ओटीवर बसून तो पुसते तेव्हा मला बरं वाटतं. कोयता मात्र शहरातून आणू नका. इथल्या लोहाराकडे जा, तो तुमच्या हाताचं माप बघून गाडीच्या कमानपाट्याचा करून देईल. त्याला मे महिन्याच्या आधी सांगा, पाऊस तोंडावर आला की त्याच्याकडे रांग लागते.