गाजलेली डार्क रोमान्स लघुकादंबरी वाचून निराशा झाली. मी फार सोवळी आहे का?

तुम्ही पुस्तकाचं नाव दिलेलं नाही, पण कथानकाच्या चार ओळींवरून ओळख पटली. कर्जात बुडालेला बाप, ते कर्ज विकत घेणारा श्रीमंत गुंड, आणि वसुली म्हणून त्याच्या बंगल्यात आणून ठेवलेली मुलगी. मैत्रिणींनी डोक्यावर घेतलेली ही सव्वाशे पानं तुम्ही दोन बैठकांत संपवलीत, शेवटी "बस, एवढंच?" असं झालं, आणि आता विचारताय की दोष आपल्या सोवळेपणाचा आहे का, आणि दोन तारे दिले तर अन्याय होईल का.

सोवळी बाई तिसऱ्या प्रकरणातच पुस्तक मिटते. तुम्ही शेवटपर्यंत गेलात. मीही गेले, भाचीच्या आग्रहाखातर. ती इथे बडोद्यात सयाजीराव विद्यापीठात शिकते आणि तिच्या मैत्रिणींमध्ये ही डार्क रोमान्सची, म्हणजे भीती आणि गुन्हेगारीत गुंतलेल्या प्रेमकथांची, पुस्तकं एकीच्या फोनवरून दुसरीच्या फोनवर अशी सुचवली जातात. मुली मराठी आणि गुजराती दोन्ही घरच्या, पुस्तकं मात्र सगळी इंग्रजी. माझं मत तिला अजिबात पटलेलं नाही, ते पुढे येईलच.

माझ्या मते ते पुस्तक पुरेसं डार्क नव्हतं. पहिल्या पानावर इशाऱ्यांची यादी आहे: अपहरण, पाळत, बळजबरी, रक्तपात. ती वाचताना धडधडलं, आणि खरं सांगू, अख्ख्या पुस्तकात धडधडलं ते तेवढंच. आत काय आहे? चौथ्या प्रकरणात ती त्याच्या तोंडावर थुंकते. पाचवं प्रकरण उघडतं "तीन आठवड्यांनंतर" या शब्दांनी, आणि बाईसाहेब त्याचा शर्ट घालून त्याच्याच स्वयंपाकघरात कॉफी करतायत. अहो, ते तीन आठवडे हीच तर कादंबरी होती! द्वेष कुठल्या दिवशी सैल पडला, तिने स्वतःची समजूत कशी घातली, दार उघडं दिसूनही ती एकदा का थांबली, थांबल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली का? हे लिहायला अवघड, म्हणून लेखिकेने दोन प्रकरणांच्या मधल्या कोऱ्या जागेत ढकलून दिलं.

नायकाचंही तेच. त्याने केलेल्या प्रत्येक गोष्टीला एकच सबब: लहानपणी बाप मारायचा. ती कहाणी अर्ध्या पानात उरकते, नायिका रडते आणि हिशेब चुकता. नायिकेला तर काहीच दिलेलं नाही. ती शिकली काय, पोट कशावर भरत होती, तिला एखादी मैत्रीण आहे का, पळाली असती तर कुणाच्या दारात गेली असती? आपल्याला तिचं मनगट, केस आणि थरथरते ओठ सोडून काही कळत नाही. जिच्याकडे गमावण्यासारखं काहीच नाही, तिला कोंडून ठेवलं काय आणि सोडलं काय, वाचणाऱ्याच्या जिवाला घोर लागत नाही.

"छोटी आहे, चालवून घे" हा तुमच्या मैत्रिणींचा मुद्दा मला पटत नाही. विज्ञानकथांसाठीच्या अमेरिकी नेब्युला पुरस्कारांच्या नियमांत नॉव्हेला, म्हणजे लघुकादंबरी, 17,500 ते 40,000 शब्द. एका माणसाचं मन एकदा पालटताना दाखवायला ही जागा भरपूर झाली. पु. शि. रेग्यांची 'सावित्री' (1962) एका बाईच्या पत्रांवर उभी आहे आणि केवढीशी आहे ती. अडचण होते ती छोट्या जागेत अपहरण, प्रेम, सूड, दोन टोळ्यांचं भांडण आणि हरवलेली बहीण असं सगळं कोंबल्यावर. मग गोळीबार पानभर चालतो आणि मन बदलतं एका वाक्यात.

यात धंद्याचाही भाग आहे. अशा मालिकांमध्ये मुख्य पुस्तकांच्या आधी किंवा मधे छोटी पुस्तकं काढतात आणि त्यांना शून्य पॉइंट पाच, एक पॉइंट पाच असे क्रमांक देतात. ती बहुधा स्वस्त असतात आणि पुढच्या जाड पुस्तकाकडे ओढून नेण्यासाठीच लिहिलेली असतात. किंडल अनलिमिटेड या ॲमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या वर्गणी योजनेत 2015 पासून लेखकाला वाचल्या गेलेल्या पानांच्या हिशेबाने पैसे मिळतात, त्यामुळे वाचक मालिकेत गुंतून राहणं फायद्याचं. शेवटी तुम्हाला कुणीतरी धक्का देऊन बाहेर काढल्यासारखं वाटलं असेल तर त्याचं कारण हे असू शकतं. तुमच्या पुस्तकाच्या क्रमांकात पॉइंट आहे का, एकदा बघा.

बरं, वाईट माणसावर जीव टाकणारी बाई आपल्याला काही नवी नाही. नाटककार राम गणेश गडकरी जानेवारी 1919 मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग आमच्या बडोद्यात झाला, सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व. सिंधूच्या पातिव्रत्याचा मला राग येतो, तो वेगळा विषय. पण गडकऱ्यांनी एकही पायरी गाळलेली नाही. तिच्या नवऱ्याची, सुधाकरची, वकिलीची सनद जाते, तळीराम पहिला प्याला पुढे करतो, मग घर जातं, मूल जातं, आणि मरणाच्या दारात सिंधू फौजदाराला नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटं सांगते. ते खोटं ऐकताना अंगावर काटा येतो, कारण तिथवर ती कशी पोचली ते आपण पाहिलेलं असतं. याला मी डार्क म्हणते.

आणि शेवट गोडच हवा असेल (रोमान्समध्ये तो हवाच, आशेवर संपणं ही या प्रकाराची अटच मानतात), तर तोही किंमत मोजून आणता येतो. शार्लट ब्रॉन्टेची 'जेन एअर' (1847) ही कादंबरी घ्या. जेनशी लग्न करायला निघालेल्या रॉचेस्टरने पहिली बायको लपवली हे लग्नाच्या वेदीपाशी उघड झाल्यावर जेन त्याला सोडून जाते, उपाशी भटकते. परतते तेव्हा वारशाने तिच्या हाती स्वतःचा पैसा आलेला असतो, आणि त्याचा वाडा जळालेला, दृष्टी गेलेली, एक हात गेलेला. ती राहते कारण तिला राहायचं असतं. तुमच्या-माझ्या नायिकेला निघून जाण्याची सोयच नव्हती, मग तिच्या राहण्याला प्रेम कसं म्हणायचं?

हे सगळं भाचीला ऐकवलं तर म्हणाली, "मावशी, तू पेपर तपासतेस की पुस्तक वाचतेस? असला माणूस खरोखर मागे लागला तर मी सरळ 181 ला फोन करेन. पुस्तकात तो मला हवा तेव्हा बंद करता येतो." 181 म्हणजे गुजरातमधली महिलांची अभयम हेल्पलाइन. तिचं म्हणणं असं की तिला मनपालटाशी घेणंदेणं नाही, भीती आणि ओढ एकाच वेळी वाटते असे दोन-तीन प्रसंग मिळाले की पैसे वसूल. मनपालटाचं मला पटत नाही, पण पुस्तक हवं तेव्हा बंद करता येतं या बाबतीत मी तिच्या बाजूची आहे. अशा पुस्तकांनी मुली बिघडतात म्हणणाऱ्यांची मला कीव येते. सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर वाचनालयं उभी करायला घेतली, त्या गावात तरी बाईने काय वाचावं यावर पहारा नको. तिला प्रसंग पुरतात, मला आणि तुम्हाला तिथवर पोचण्याची वाटही हवी असते. एवढाच फरक, आणि त्यात सोवळं-ओवळं कुठेच नाही.

पुन्हा या वाटेला जायचं असेल तर मालिकेतलं पूर्ण लांबीचं पहिलं पुस्तक घ्या आणि विकत घेण्याआधी फुकटात मिळणारा नमुना वाचा. इशाऱ्यांची यादी वाचाच, पण त्यावरून दर्जा ठरवू नका, त्यात आत काय घडतं एवढंच कळतं. नमुन्यात नायिका काही काम करताना, कुणाशी भांडताना, कशावर तरी हसताना दिसली तर पुढे जा. नुसतं तिच्या अंगाचं वर्णन चालू असेल तर पैसे वाचवा.

ताऱ्यांचं म्हणाल तर दोन द्या, बिनधास्त. फक्त "बोअर झालं" लिहून सोडू नका. चौथ्या आणि पाचव्या प्रकरणामधले तीन आठवडे गाळलेत, एवढं एक वाक्य टाका. ज्यांना त्या आठवड्यांची गरज नाही त्या तरीही पुस्तक घेतील, आणि ज्यांना आहे त्यांचे पैसे वाचतील. मैत्रिणी चिडल्या तर माझ्या भाचीकडे पाठवा, ती त्यांच्याच पक्षाची आहे.