हडळ की चेटकीण? (आणि ते 'परिचित मांजर' आधी बंद करा)

प्रश्न आलाय नाशिकच्या कॉलेज रोडच्या एका वाचक मुलीचा. ती अर्बन फँटसी (आजच्या शहरात घडणाऱ्या जादूच्या गोष्टी) आणि यंग अ‍ॅडल्ट म्हणजे टीनएजरांसाठीच्या कादंबऱ्यांचा फडशा पाडते, पण आईला गोष्ट सांगायला बसली की 'विच'ला हडळ म्हणायचं की चेटकीण इथे अडते, आणि अर्बन फँटसीला मराठीत 'नागरी अद्भुतरम्य' म्हटलं तर चालेल का असंही तिने विचारलंय.

हडळ नाही. हडळ मेलेली असते. आधी बाई मरते, मग तिची हडळ होते, हा क्रम ठरलेला आहे. तुमच्या कादंबरीतली विच सकाळी कॉफी पिते, भाड्याच्या खोलीत राहते, मेट्रो पकडते, परीक्षेत नापास होते, मधेच एखाद्या व्हँपायरच्या प्रेमात पडते, ती जिवंत आहे हो! तिला हडळ म्हणणं म्हणजे जित्या माणसाचा दहावा घालणं झालं. तरी शाळेच्या फॅन्सी ड्रेसला टोकदार काळी टोपी घातलेल्या पोरीला 'अगं बाई, किती गोड हडळ' म्हणणाऱ्या मावश्या मला गंगापूर रोडला दर वर्षी भेटतात आणि माझं डोकं फिरतं. खिशातल्या इंग्रजी-मराठी डिक्शनऱ्याही काही कमी नाहीत, विचसमोर हडळ, डाकीण, चेटकीण असे तिन्ही शब्द स्वल्पविराम टाकून ओळीने बसवलेले, जणू भाजीवाल्याने एकाच पाटीत कांदे-बटाटे भरलेत.

डाकीणही नको, आणि त्याचं कारण वेगळं आहे. शब्द डाकिनीवरून आलाय, ते सोपं आहे, पण नंदुरबारकडे आजही बाईला डाकीण ठरवून छळल्याच्या बातम्या येतात, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा असल्या प्रकारांसाठीच आहे, तेव्हा सोळा वर्षांच्या गोड नायिकेला तो शब्द चिकटवू नका.

तर चेटकीण. आता खरी गंमत. बालनाट्यामुळे आपल्याला चेटकीण म्हटलं की लांब नाक आणि खी खी हसणं एवढंच आठवतं, पण शब्द नीट फोडून बघा. माणूस-माणसाला, लाकूड-लाकडाला, तसं चेटूक-चेटकाला. म्हणजे विभक्तीआधी उरतं 'चेटक', त्याला लागला 'ईण', पाटलीण, माळीण, वाघीण यातला. चेटकीण म्हणजे जिच्याकडे चेटूक आहे ती. मग चेटूक म्हणजे काय? आज आपण 'तिने त्याच्यावर चेटूक केलं' म्हणजे जादूटोणा केला एवढंच समजतो. पण संस्कृत नाटकं उघडा, चेट आणि चेटी सापडतील. चेट म्हणजे नोकर, चेटी म्हणजे दासी. चेटक म्हणजेही नोकरच. माझं म्हणणं असं की चेटूक म्हणजे मुळात मंत्राने बांधून कामाला लावलेला नोकर, सांगेल ते आणून देणारं भूत, आणि 'चेटूक करणं' म्हणजे तो नोकर कुणाच्या तरी अंगावर सोडणं. आपली चेटकीण ही मुळात स्टाफ असलेली बाई आहे!

इथे आमचे एक विद्वान मित्र, व्युत्पत्तीवर व्याख्यानंबिख्यानं देतात, ते म्हणणार की नाही नाही, 'चेटणे' म्हणजे पेटणे, आणि विचला जाळायचे म्हणून चेटकीण. अहो, मग पेटण्यावरून पेटकीण का नाही झाली, आणि विझण्यावरून विझकीण? 'ईण' नामाला लागते, धातूला नाही, हे आठवीच्या व्याकरणात आहे. शिवाय जाळायचे ते युरोपात, तो जाळ आपल्या शब्दाखाली कशाला लावताय? आणि अमेरिकेतल्या ज्या सेलमच्या नावावर निम्म्या विच-कादंबऱ्या चालतात तिथे १६९२ साली १९ जणांना फाशी दिली, एकाला दगडांखाली चेंगरलं, जाळलं कुणालाच नाही. एवढं तरी वाचून बोलावं माणसाने.

राणा प्रतापांचा घोडासुद्धा मला याच घरातला वाटतो. आपण चेतक म्हणतो, त्याचा अर्थ चेतनाबितना असा लावतो, पण उदयपूरला चौकाचं नाव लोक सरळ 'चेटक सर्कल' लिहितात. धन्यासाठी जीव देणारा सेवक, दुसरं काय! मित्र यावर हसतो. हसू दे.

पण हे सगळं मी का सांगतोय, तर तुमच्या कादंबऱ्यांत विचसोबत एक 'फॅमिलियर' असतो, म्हणजे तिच्या हुकमातला जादूचा प्राणी, बहुतेक वेळा मांजर, कधी कावळा, कधी घुबड. त्याचं मराठी लोक काय करतात? 'तिचा परिचित'! मी स्वतः 'तिने आपल्या परिचित मांजराला बोलावले' असं वाक्य वाचलंय आणि पुस्तक मिटून चहा टाकायला उठलोय. अहो परिचित म्हणजे शालिमारला भेटले की 'काय म्हणता' विचारतात ते. फॅमिलियरच्या मुळाशी लॅटिन 'फामुलुस' आहे आणि फामुलुस म्हणजे, धरून बसा, नोकर. फॅमिली हा शब्दही त्याच मुळाचा, आधी घरातली नोकरमंडळी, मग सगळं घर. म्हणजे तिकडे विचचा नोकर फॅमिलियर, इकडे चेटकिणीचा नोकर चेटूक. एका भाषेने दुसरीकडून घेतलेलं नाही, दोघींनी आपापल्या वाटेने तोच विचार केला. याहून सुंदर जोडी मला तरी माहीत नाही. तेव्हा आईला सांगताना बिनधास्त म्हणा, 'त्या चेटकिणीकडे एक मांजर आहे, ते तिचं चेटूक.' नपुंसकलिंगी, ते चेटूक. आणि कृपा करून 'चेटूकाने' लिहू नका, चेटकाने.

तसे आपल्याकडे शब्द पडलेलेच आहेत, वाकून उचलायचा कंटाळा. शेपशिफ्टरला 'रूप बदलणारी व्यक्ती' असं लिहितात, आणि इथे आमच्या पंचवटीत शूर्पणखा रामाला स्वतःची ओळख काय म्हणून करून देते? कामरूपिणी. हवं ते रूप घेणारी. जिच्या कापलेल्या नाकावरून गावाला नाशिक नाव पडलं म्हणतात तिचाच शब्द नाशिककरांना आठवू नये! आणि यंग अ‍ॅडल्ट भूत पाहिजे असेल तर मुंजा आहेच की, मुंज झालेली, सोडमुंजेच्या आधी गेलेला, पिंपळावर बसून कायम टीनएजर. मराठीत कुणीतरी इंदिरानगरच्या पिंपळावरचा मुंजा क्लासला जातो अशी कादंबरी लिहा, मी पहिल्या दिवशी विकत घेईन.

दुसरा प्रश्न काय होता, हां, 'नागरी अद्भुतरम्य'. नको. नागरी म्हटलं की पुढे सहकारी पतसंस्थाच येणार, आणि अद्भुतरम्य म्हटलं की पोपटात जीव असलेला राक्षस, आजच्या शहरात घडणारी जादू त्यात कुठेच नाही. अर्बन फँटसीच म्हणा, आईला कळतं.