एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत, हरिकेनने टेक्ससमधल्या घराचं नुकसान झालं. फेमाची (अमेरिकी सरकारच्या आपत्ती-मदत संस्थेची) मदत मिळेल का?

तुमच्या स्वतःच्या नावावर रोख मदत मिळणार नाही. ती नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांसारख्या पात्र स्थलांतरितांसाठी असते. पण घरात अमेरिकेत जन्मलेलं मूल असेल, तर त्याच्या सोशल सिक्युरिटी क्रमांकावर तुम्ही पालक म्हणून अर्ज करू शकता. हे माहीत नसल्याने हक्काची मदत सोडू नका.

आधी विम्याचा दावा लावा. विम्याने भरून दिलेल्याचे पैसे फेमा पुन्हा देत नाही. साध्या घरविम्यात पुराचं पाणी धरत नाहीत, त्यामुळे नकार आला तर ते पत्र जपा. फेमा तेच मागते. ओला गालिचा, फुगलेलं ड्रायवॉल (भिंतीचे जिप्समचे पत्रे) फेकण्याआधी फोटो काढा, भिंतीवरची पाण्याची खूण मोजपट्टी लावून. ताडपत्री, पंप यांच्या पावत्या ठेवा.

तुमची काउंटी (जिल्हा) सरकारच्या आपत्ती घोषणेत वैयक्तिक मदतीसाठी धरली आहे का ते पाहून १-८००-६२१-३३६२ वर नोंदणी करा. मुदत सहसा घोषणेपासून ६० दिवस. पाहणीला येणारा माणूस एक डॉलरही मागत नाही. मागितला तर तो ठग समजा.

‘अपात्र’ असं पत्र आलं की बरेच जण हात टेकतात. तसं करू नका! पुष्कळदा एखादा कागदच कमी असतो: विम्याचं पत्र, मालकीचा पुरावा, किंवा तिथे राहत असल्याचं वीजबिल. पत्रावरच्या तारखेपासून ६० दिवसांत अपील करा आणि प्रत्येक पानावर अर्ज क्रमांक व आपत्ती क्रमांक लिहा.